सारे थर एकदम
फुल-स्टॅक वेब डेव्हलपमेंटच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी तयार केलेल्या पाठपुस्तिकेची प्रस्तावना

मोबाईलवर महाभूलेखचे पान उघडून सातबारा पाहणाऱ्याला एवढेच दिसते की गट क्रमांक टाकला आणि उतारा समोर आला. मधल्या दोन-तीन सेकंदांत बरेच काही घडून गेलेले असते. पडद्यावरच्या फॉर्मने आकडे गोळा केले, ब्राउझरने त्यांची विनंती बांधून नेटवर्कवर सोडली, दूरच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामने ती वाचून काय करायचे ते ठरवले, डेटाबेसने असंख्य नोंदींतून नेमकी एक शोधून काढली आणि उत्तर त्याच वाटेने माघारी आले. यातला प्रत्येक थर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे; एकेका थरावर उभे आयुष्य घातलेली माणसे आहेत. या सगळ्या थरांत वावरू शकणारा, एका टोकाला दिसलेली चूक दुसऱ्या टोकापर्यंत शोधत जाऊ शकणारा माणूस म्हणजे फुल-स्टॅक डेव्हलपर. असा माणूस घडवण्यासाठी चार-सहा महिन्यांचे पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतात, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होळी, पापडी, वसई गाव या पट्ट्यातली मुले-मुली होती. उदाहरणे म्हणूनच इथली आहेत. विषय मात्र कुठल्याही गावाचा आहे, आणि ज्याला शिकायचे आहे त्या प्रत्येकाचे इथे स्वागत आहे.

या अभ्यासक्रमांची जाहिरात बहुधा वेगाच्या नावाने होते. माझ्या मते त्यांचे बळ दुसरीकडे आहे. पदवीच्या अभ्यासात डेटाबेस एका सत्रात येतो, नेटवर्क दुसऱ्या सत्रात, वेब प्रोग्रामिंग आणखी पुढे, कधी तर ऐच्छिक विषय म्हणून. प्रत्येक विषय मनापासून शिकवला जातो, परीक्षा होते, वह्या माळ्यावर जातात. मग वेब शिकायची वेळ येते तेव्हा दोन टेबले जोडायची कशी ते आठवत नाही, आणि डेटाबेस शिकत होतो तेव्हा ही क्वेरी कोणाच्या बोटाने सुरू होते ते माहीत नव्हते. सघन अभ्यासक्रमात हे अंतरच उरत नाही. सकाळी टेबल तयार केले, दुपारी त्यावरचा सर्व्हर लिहिला, संध्याकाळी तीच नोंद पडद्यावर आली आणि रात्री ती चुकीची दिसते म्हणून पुन्हा टेबलापर्यंत गेलो, असा एक दिवस पदवीच्या तीन सत्रांतही मिळत नाही. वेबवरच्या बहुतेक अवघड चुका एखाद्या थराच्या पोटात नसतात, दोन थरांच्या सांध्यात असतात. सांधे दिसायचे तर दोन्ही बाजू एकाच वेळी डोक्यात ताज्या असाव्या लागतात. सहा महिन्यांची ही दाटी त्यासाठी सोसायची. या पुस्तिकेची सगळी रचना या एका समजुतीवर उभी आहे.

अशा शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि ती पश्चिम रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. वसई रोडला गाडी पकडून अंधेरीला उतरले की जुहू जवळ. तिथे १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका गटातून नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था उभी राहिली. एस. रमणी तिचे संचालक होते. शिक्षण-संशोधन संस्थांना संगणक-जाळ्याने जोडण्यासाठी १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात ही संस्था, पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था एकत्र आल्या. देशातली सुरुवातीची ई-मेल देवाणघेवाण एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप जोडणीवरून झाली. सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. व्हीएसएनएलने त्या दिवशी सेवा सुरू केली. रमणींचे नाव २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेले. याच एनसीएसटीत सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालत असे. पुढे ती संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

सी-डॅकची गोष्ट मराठी घरांना जास्त ओळखीची आहे. १९८८ साली पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था सुरू झाली आणि १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, हे शाळेच्या पुस्तकांतूनही वाचलेले असते. त्यामानाने कमी बोलले जाते ते १९९३ साली तिने उभारलेल्या प्रशिक्षण शाखेबद्दल, म्हणजे अ‍ॅक्ट्सबद्दल. तिथला डिप्लोमा इन अ‍ॅडव्हान्स्ड कम्प्युटिंग, आजचा पीजी-डॅक, हा प्रवेशपरीक्षा देऊन मिळणारा, २४ आठवड्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, वेब, शेवटी प्रकल्प, अशी त्याची बांधणी. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या कितीतरी मुलांनी याच वाटेने सॉफ्टवेअरमध्ये पाऊल टाकले. “त्याने सी-डॅक केलंय” एवढे वाक्य लग्नाच्या बैठकीतही पुरेसे ठरत असे. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्ह बूटकॅम्प २०१२ साली सुरू झाला आणि जगभर अशा शाळांचा बोलबाला झाला. तोवर महाराष्ट्रात सकाळी वर्ग, दुपारनंतर लॅब आणि शेवटी प्रकल्प हा क्रम अंगवळणी पडून बरीच वर्षे झाली होती. तो डेव्ह बूटकॅम्प डिसेंबर २०१७मध्ये बंदही झाला. मी हे कोणाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. अभ्यासक्रम निवडताना नवेपणा आणि झगमगाट यांकडे पाहू नका, तो किती तास लॅबमध्ये बसवतो आणि शेवटी तुमच्या हातून काय बांधून घेतो ते विचारा, एवढेच मला सांगायचे आहे. फी नोकरी लागल्यावर भरायची असे करारही आता असतात. सही करण्यापूर्वी तो कागद घरातल्या जाणत्या माणसाबरोबर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

वेबचा इतिहास पुस्तिकेत पहिल्या प्रकरणात आहे, म्हणून इथे थोडक्यात. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत १९८९ साली प्रस्ताव मांडला, तो शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सापडावेत म्हणून. १९९५ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे: जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि मायएसक्यूएल ही तिन्ही त्याच वर्षीची. ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत लिहिला, आणि त्या घाईच्या खुणा भाषेत आजही सापडतात. २००९ साली रायन डाल यांनी नोड आणले आणि ब्राउझरमधली भाषा सर्व्हरवरही चालू लागली. एका माणसाने दोन्ही टोके सांभाळणे तेव्हापासून बरेच सोपे झाले, कारण मध्येच भाषा बदलावी लागेना. रिअ‍ॅक्ट २०१३चे. यापुढची नावे येत राहतील आणि जात राहतील. त्यांच्या मागे धावू नका. विनंती, उत्तर, टेबल, नाते, ओळख, परवानगी या कल्पना तेवढ्या पक्क्या करा. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेले टेबलांचे गणित आजही जसेच्या तसे कामाला येते.

आता प्रकल्पाबद्दल. सर्वसाधारण अभ्यासक्रमात ‘आजची कामे’ नावाची यादी करायला देतात, नाहीतर एखाद्या प्रसिद्ध दुकानाची नक्कल. मी तसे केले नाही. या पुस्तिकेत पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत एकच प्रकल्प आहे: फुलांचा हिशेब. वसईच्या वाड्यांतून मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात जातो. तिथे माल विकला जातो, दलाली कापली जाते, पट्टी म्हणजे त्या विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी हाती येते, आधी घेतलेली उचल त्यातून वळती होते. हा हिशेब वहीत ठेवणारी घरे अजून आहेत. तो वेबवर आणायचा, एवढेच काम. विद्यार्थ्याला हा व्यवहार आधीपासून माहीत असतो किंवा शेजारी विचारता येतो, त्यामुळे पडद्यावरचे उत्तर चुकले तर ते त्याच्या लगेच लक्षात येते. अनोळखी दुकानाच्या नकलेत चुकीचे उत्तरही बरोबरच वाटते.

या साध्या हिशेबात संपूर्ण विषय दडलेला आहे. पहिल्याच दिवशी प्रश्न येतो: ‘किती’ हे कोणत्या मापात? मोगरा वजनावर जातो, सोनचाफा नगावर. टेबलात नुसता ‘प्रमाण’ असा एक रकाना ठेवला तर पाच किलो आणि पाच फुले यांची बेरीज निमूटपणे दहा होते आणि कोणतीही एरर येत नाही. मग दर. आजचा दर वेगळ्या टेबलात ठेवून पट्टी त्याला जोडली, की उद्या दर बदलल्यावर मागच्या महिन्याच्या पट्ट्याही बदलतात. ज्या दिवशीचा व्यवहार त्या दिवशीचा दर नोंदीतच लिहून ठेवावा लागतो. हा धडा पुस्तकातून पटत नाही. आपणच बांधलेल्या पडद्यावर जुनी पट्टी बदललेली दिसली की कायमचा बसतो.

पैशाचेही तसेच. जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर येते ०.३०००००००००००००००४. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे हे होते, आणि यात भाषेचा दोष नाही. पण शंभर पट्ट्यांच्या बेरजेत एखादा पैसा इकडेतिकडे झाला की माणसाचा विश्वास उडतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवायची आणि रुपये फक्त दाखवताना करायचे. उचल वळती करण्यात आणखी एक गोष्ट आहे. पट्टीची रक्कम जमा होणे आणि उचलीची बाकी कमी होणे या दोन नोंदी एकत्रच झाल्या पाहिजेत. एक होऊन दुसरी राहिली तर हिशेब खोटा होतो. डेटाबेसमध्ये याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. जमा-खर्चाची ही शिस्त वसईला नवी नाही. पापडीची बेसिन कॅथॉलिक बँक १९१८ सालापासून चालत आली आहे आणि इथल्या अनेक घरांत पासबुक वाचता येणे हे अक्षरओळखीइतकेच जुने आहे.

मला सर्वांत प्रिय असलेली चूक तारखेची आहे. सोनचाफा अंधारात तोडतात आणि माल पहाटे चारच्या सुमाराला निघतो. विद्यार्थी नोंद करतो, सर्व्हर ती घेतो, सगळे ठीक दिसते. महिन्याच्या शेवटी बेरीज मात्र जुळत नाही: काही माल आदल्या दिवसाच्या खात्यात गेलेला असतो. कारण असे, की क्लाउडमधल्या बहुतेक सर्व्हरांचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपली १५ तारखेची पहाटे चारची नोंद तिथे १४ तारखेच्या रात्री साडेदहाची असते. पहाटे साडेपाचच्या आधी झालेला प्रत्येक व्यवहार अशा रीतीने एक दिवस मागे जातो. दिवसा दुकान चालवणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे दिसणार नाही. फुलवाल्याला पहिल्याच महिन्यात दिसेल. ही चूक पडद्यावर दिसते, सर्व्हरवर घडते आणि डेटाबेसमध्ये मुरते. ती शोधताना विद्यार्थ्याला तिन्ही थरांतून चालत जावे लागते, आणि हा शोध ज्याने स्वतः घेतला त्याला ‘फुल-स्टॅक’ची व्याख्या सांगायची गरज उरत नाही. त्या प्रकरणाला मी मुद्दाम पूर्ण आठवडा दिला आहे.

दुसरी चूक नेटवर्कची. पावसाळ्यात सिग्नल ये-जा करतो. माणूस ‘जतन करा’ दाबतो, काही घडलेले दिसत नाही, पुन्हा दाबतो. पहिली विनंती पोहोचलेली असते, फक्त उत्तर वाटेत हरवलेले असते. दुसरीही पोहोचते आणि एकाच टोपलीच्या दोन नोंदी होतात. प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच एक वेगळी खूण देऊन सर्व्हरने तीच खूण दुसऱ्यांदा नाकारणे, हा त्यावरचा उपाय. सर्व्हर कुठे आहे यालाही महत्त्व असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. अ‍ॅमेझॉनने आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग जून २०१६मध्ये सुरू केला, तेव्हापासून हे अंतर लहान कामांसाठीही टाळता येऊ लागले.

परवानगीचे प्रकरण मी लवकर आणले आहे, कारण पुष्कळ ठिकाणी ते शेवटी येते आणि मग राहूनच जाते. लॉगिन केलेल्या माणसाने ब्राउझरमधल्या पत्त्यातला पट्टी क्रमांक ४१ बदलून ४२ केला तर त्याला शेजाऱ्याची पट्टी दिसते का? पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येकाच्या प्रकल्पात ती दिसते. तू कोण हे विचारणे आणि तुला हे पाहण्याचा हक्क आहे का हे विचारणे, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि दुसरी तपासणी सर्व्हरवर प्रत्येक विनंतीला करावी लागते. पासवर्ड जसाच्या तसा कधीही साठवायचा नाही. लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी आता २०२३च्या कायद्यानेही घातली आहे, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याची उचल किती हे चारचौघांत जाऊ नये, हे गावात वाढलेल्याला शिकवावे लागत नाही.

मराठीत लिहिलेला मजकूर सांभाळणे हा या पुस्तिकेचा दुसरा मोठा भाग आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तो तुम्हाला सहसा मिळणार नाही. जावास्क्रिप्टला ‘होळी’ या शब्दाची लांबी विचारा. ती चार सांगते. आपण दोन अक्षरे वाचतो, संगणक ह, ओकाराची मात्रा, ळ आणि दीर्घ ईकार असे चार संकेत मोजतो. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना त्यांचे बारा बाइट होतात. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घालणारा फॉर्म इंग्रजी नावाला पुरतो आणि मराठी नावाची शेवटची मात्रा तोडून टाकतो. वाचकाच्या डोळ्याला दिसतील तशी अक्षरे मोजण्याची सोय आता ब्राउझरांत आली आहे, ती कशी वापरायची ते सातव्या प्रकरणात दाखवले आहे.

क्रमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा ल आणि व यांच्यामध्ये आहे. त्यामुळे नुसत्या संकेतांच्या क्रमाने यादी लावली तर ‘काळे’ आधी येतात आणि ‘कावळे’ नंतर. मराठी शब्दकोशाच्या सवयीने हे उलटे हवे. मराठी क्रम मागितला तर प्रणाली तो देऊ शकते, पण मागायचा असतो हे माहीत हवे. ‘सुऱ्या’ किंवा ‘वाऱ्या’मधला र तर दोन वेगळ्या संकेतमालांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, शोधताना वेगळे, आणि मग ग्राहकाचे नाव यादीत असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. त्यात जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेल्या फायली आल्या की आणखी पंचाईत, कारण त्यांतली मराठी फक्त त्या फाँटापुरती मराठी असते. पतपेढ्या, शाळा, वाचनालये यांच्याकडे असा मजकूर ढिगाने पडून आहे. तो युनिकोडमध्ये नीट आणणे हे कोणीतरी करायला हवे असे काम आहे, आणि मराठी वाचता येणारा डेव्हलपरच ते निगुतीने करू शकेल.

इंग्रजीच्या भीतीने थांबलेल्यांना दोन शब्द. एरर इंग्रजीत येते हे खरे, पण तिची भाषा मर्यादित असते. वरची ओळ वाचा, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक पाहा, आणि काय बिघडले ते आपल्या भाषेत मोठ्याने सांगा. घरी कादोडी बोलत असाल तर कादोडीत, वाडवळी असेल तर वाडवळीत. विचार करताना भाषा बदलायची सक्ती कोणीही केलेली नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कितीतरी पाठ मराठी आवाजात फुकट उपलब्ध आहेत. पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१-२२पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकण्याची सोय झाली आहे. वाट रुंद होते आहे. विद्यावर्धिनीसारख्या महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेले, वाणिज्य शाखेचे, एमएस-सीआयटीनंतर संगणकाला हात न लावलेले, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा शिकायला निघालेल्या आया, या सगळ्यांनी एका बाकावर बसावे अशीच ही पुस्तिका बेतली आहे. सर्वांना सारखा वेळ लागत नाही. मागे पडल्यासारखे वाटले तर मागचे प्रकरण पुन्हा करा, पुढचे वाचून भागत नाही.

अभ्यासाच्या या दाटीचा तोटाही सांगायला हवा. रोज नवे येत असते तेव्हा कालचे मुरायला वेळ मिळत नाही, आणि विरारच्या गाडीत उभ्याने दोन्ही वेळचा प्रवास करून आलेल्या डोक्यात रात्री अकराला काहीही शिरत नाही. म्हणून दर सहाव्या दिवशी पुस्तिकेत नवा पाठ नाही. त्या दिवशी जुना कोड फक्त वाचायचा, शेजाऱ्याचा वाचायचा, आणि तो काय करतो ते कागदावर मराठीत लिहायचे. हा दिवस कृपा करून वाया गेला असे समजू नका. कोड लिहिण्यापेक्षा वाचण्यातच डेव्हलपरचा जास्त वेळ जातो.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रत्येक पालक मला विचारतो, आता मुलांनी हे शिकून उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. ही साधने कोड लिहितात, चांगला लिहितात, आणि ती वापरायला मी मनाई केलेली नाही. पण तारखेची ती चूक आठवा. साधनाला सांगितले तर ते वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवणारा कोड देईल, आणि तो शास्त्राप्रमाणे योग्यच असेल. चाफा पहाटे साडेपाचच्या आधी निघतो आणि हिशेबाचा दिवस वाडीतल्या घड्याळाने मोजायचा आहे, हे कुणीतरी सांगितल्याखेरीज त्याला कळणार नाही. हे सांगायला आधी प्रश्न सुचावा लागतो, आणि प्रश्न सुचायला वाडीपासून डेटाबेसपर्यंतची वाट पायाखालची असावी लागते. म्हणून या पुस्तिकेत एकच अट आहे: कोड कोणीही लिहिलेला असो, त्याच्या प्रत्येक ओळीचे कारण तुम्हाला तोंडी सांगता आले पाहिजे. परीक्षाही तशीच आहे.

काही गोष्टी जाणूनबुजून वगळल्या आहेत. मोबाईलचे स्वतंत्र अ‍ॅप, मोठ्या प्रणालींची विभागणी, यंत्रशिक्षण हे विषय इथे नाहीत. ते पुढचे आहेत आणि त्यांसाठी चांगली पुस्तके आहेत. सीएसएसला मात्र मी पुष्कळ जागा दिली आहे. उन्हात, वाडीच्या बांधावर उभे राहून, चष्मा न लावता आजोबांना आकडा वाचता येतो का, ही माझ्या लेखी चांगल्या पडद्याची पहिली कसोटी आहे, आणि फिकट राखाडी अक्षरांचे कितीतरी देखणे प्रकल्प त्या कसोटीला उतरत नाहीत.

सुरुवात करण्यासाठी फार काही लागत नाही. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. ब्राउझर, व्हीएस कोड, नोड, पोस्टग्रेस आणि गिट ही पाचही साधने फुकट मिळतात. ती कशी बसवायची ते परिशिष्टात आहे. पहिल्या वर्गाला येण्यापूर्वी एक काम मात्र करून या. रोज उघडता ते कोणतेही पान ब्राउझरमध्ये उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्क या भागात जा आणि पान पुन्हा लोड करा. ओळींमागून ओळी येतील. त्यांतली एक निवडा. ती कुठे गेली, काय मागितले, उत्तराचा क्रमांक काय आला, किती वेळ लागला आणि किती बाइट आले, ते वहीत हाताने उतरवा. समजले नाही ते तसेच लिहा आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढा. पहिला पाठ तुमच्या त्या प्रश्नचिन्हांवरून सुरू करायचा आहे.

होळी, वसई